अर्ल थॉमस आणि डॅलस काउबॉइज: एका नावावर झालेले दोन वाद

२३ ऑगस्ट २०२०, रविवार. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या बाल्टिमोर रेव्हन्स संघाने अर्ल थॉमसला काढल्याचं जाहीर केलं. कारण एका ओळीत होतं: त्याच्या वैयक्तिक वर्तनाचा संघावर विपरीत परिणाम झाला. सात वेळा प्रो बोल या तारांकित सामन्यासाठी निवड, तीन वेळा ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात निवड, एक सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) विजेतेपद आणि वय ३१. असा सेफ्टी, म्हणजे सगळ्यांत मागचा बचावपटू, हंगाम तीन आठवड्यांवर आलेला असताना मोकळा झाला. डॅलसच्या चाहत्यांमध्ये लगेच वाद पेटला: काउबॉइजने याला घ्यावं की नाही?

हा वाद डॅलसला नवा नव्हता. २०१७ च्या नाताळापासून तो अधूनमधून डोकं वर काढत होता आणि त्यात मुरलेल्यांना दोन्ही बाजूंचे मुद्दे तोंडपाठ होते. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते याच कारणासाठी. नाव तेच राहिलं, संघ तोच राहिला, पण २०१८ चा प्रश्न आणि २०२० चा प्रश्न यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. २०१८ मध्ये ‘घ्या’ म्हणणारे बरोबर होते असं माझं मत आहे. २०२० मध्ये तेच लोक तेच मुद्दे घेऊन चुकले.

आधी सेफ्टी म्हणजे काय ते थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या ११ जणांत सगळ्यांत मागे उभे राहतात ते सेफ्टी, बहुधा दोन. त्यातला ‘स्ट्राँग सेफ्टी’ पुढे सरकून धावणाऱ्याला अडवायला मदत करतो. ‘फ्री सेफ्टी’ मागे राहून क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्याच्या) डोळ्यांवर नजर ठेवतो. काही संघ मागे एकच माणूस ठेवतात आणि ५३ यार्डांहून थोडी जास्त रुंदी असलेल्या मैदानाचा मागचा मधला पट्टा त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडतात. आपल्याकडे सीमारेषेवर एकच क्षेत्ररक्षक ठेवून लाँग ऑन ते लाँग ऑफ सगळं त्यालाच बघायला सांगावं, तसं. असा माणूस भरवशाचा असला की उरलेल्या दहा जणांना पुढे धाडस करता येतं. त्याचा अंदाज एका पावलाने चुकला की समोरचा संघ थेट टचडाऊन करतो, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवतो.

सिअ‍ॅटल सीहॉक्सचा बचाव थॉमसवर याच पद्धतीने उभा होता. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्यांनी त्याला पहिल्या फेरीत १४ व्या क्रमांकावर घेतलं. कॅम चॅन्सलर, रिचर्ड शर्मन आणि त्याच्यासह जमलेल्या त्या फळीला ‘लीजन ऑफ बूम’ म्हणत. फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये त्यांनी डेन्व्हर ब्राँकोजला ४३-८ असं हरवलं. चॅन्सलरचे धक्के आणि शर्मनची भाषणं लोकांच्या लक्षात राहिली. दोघांना बिनधास्त खेळता येत होतं, कारण पाठीमागे थॉमस होता.

थॉमस मूळचा टेक्ससचा. लुइझियानाच्या सीमेलगतचं ऑरेंज हे त्याचं गाव, कॉलेज ऑस्टिनला टेक्सस विद्यापीठात, आणि लहानपणापासून तो काउबॉइजचा चाहता. २४ डिसेंबर २०१७ ला सीहॉक्सने डॅलसला त्यांच्याच मैदानावर २१-१२ हरवलं. सामना संपल्यावर थॉमस काउबॉइजच्या लॉकर रूमपाशी गेला आणि प्रशिक्षक जेसन गॅरेट यांना म्हणाला की संधी मिळाली तर मला येऊन घेऊन जा. सिअ‍ॅटलने मला बाजूला केलं तर, असं म्हणायचं होतं, हा खुलासा त्याने नंतर केला. पण तोवर कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं होतं.

डॅलसच्या चाहत्यांना हे इतकं का भिडलं ते समजून घ्यायला हवं. तीन सुपर बोल जिंकलेला डॅरन वुडसन निवृत्त झाल्यापासून या संघाला खात्रीचा सेफ्टी लाभला नव्हता, अशी तिथल्या लोकांची ठाम भावना आहे. रॉय विल्यम्सची सुरुवातीची वर्षं चांगली गेली. त्यानंतर एकामागून एक माणसं आली आणि गेली. पहिल्या पाचांतला सेफ्टी स्वतः दारात येऊन मला न्या म्हणतो, तेव्हा जुनी जखम असलेल्या माणसाला हिशेब सुचत नाही.

गंमत अशी की २०१८ मध्ये हिशेबही चाहत्यांच्याच बाजूने होता. त्या वर्षी काउबॉइजने सिअ‍ॅटलचा माजी बचाव-समन्वयक क्रिस रिचर्डला आपल्याकडे आणलं. मागे एक सेफ्टी, उरलेल्यांनी आपापले पट्टे सांभाळायचे, ही थॉमसला पाठ असलेली पद्धत त्याने डॅलसमध्ये रुजवायला घेतली. बायरन जोन्स सेफ्टीवरून कॉर्नरबॅकला (कडेला पास झेलणाऱ्यांवर पहारा देणाऱ्याच्या जागी) गेला आणि तिथे खुलला. आता मागे झेवियर वुड्स आणि जेफ हीथ उरले. दोघेही मेहनती, पण आख्खा मागचा पट्टा एकट्याने सांभाळणारे नव्हेत. थोडक्यात, त्या जागेचं काम ठरलेलं होतं, ते शिकवणारा प्रशिक्षक हजर होता, आणि ते काम सात-आठ वर्षं करून दाखवलेला माणूस उपलब्ध होता. असा योग वारंवार येत नाही.

थॉमसच्या करारात एक वर्ष उरलं होतं, पगार ८५ लाख डॉलर. वाढीव करारासाठी त्याने सराव शिबिरावर बहिष्कार टाकला आणि पहिल्या सामन्याच्या तोंडावर परतला. डॅलसने त्याच्या बदल्यात दुसऱ्या फेरीची एक ड्राफ्ट निवड देऊ केली आणि सिअ‍ॅटलला त्याहून जास्त हवं होतं, असं तेव्हा छापून आलं. घोडं तिथेच अडलं.

मग २३ सप्टेंबर २०१८ आला. डॅलसचा संघ सिअ‍ॅटलमध्ये होता. थॉमसने डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटचे दोन पास मध्येच पकडले (याला इंटरसेप्शन म्हणतात) आणि सीहॉक्स २४-१३ जिंकले. दुसऱ्या इंटरसेप्शननंतर त्याने काउबॉइजच्या बाकाकडे तोंड करून, नाटक संपल्यावर नट करतो तसा कमरेत वाकून नमस्कार केला. पंचांनी पिवळा रुमाल टाकला, १५ यार्डांचा दंड झाला. त्या एका हावभावाने दोन्ही गटांना आयतं हत्यार मिळालं. ‘बघा, काय गमावताय’ म्हणणारे एकीकडे, ‘बघा, कसा वागतो’ म्हणणारे दुसरीकडे. माझ्या मते त्या दिवशी पहिल्या गटाचं पारडं जड होतं. मालकाशी पगारावरून भांडणारा खेळाडू मैदानावर पूर्ण दर्जाने खेळत असेल, तर ते भांडण करारापुरतं आहे असं मानायला हरकत नसते.

पुढच्याच रविवारी ॲरिझोनात त्याचा डावा पाय मोडला. २०१६ मध्येही त्याच पायाचं हाड मोडलं होतं. गाडीवरून मैदानाबाहेर नेत असताना त्याने स्वतःच्याच संघाच्या बाकाकडे मधलं बोट दाखवलं. त्याचा सिअ‍ॅटलमधला अध्याय तिथे संपला.

आता पैशांकडे वळू, कारण चाहत्यांच्या वादात हा भाग नेहमी घाईत उरकला जातो. एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०१९ मध्ये ती १८ कोटी ८२ लाख डॉलर होती. मालक कितीही धनाढ्य असो, एकाला दिलेला डॉलर दुसऱ्याला देता येत नाही. मार्च २०१९ मध्ये थॉमस मोकळा झाला तेव्हा सेफ्टींचा बाजार एकदम चढला. वॉशिंग्टनने लँडन कॉलिन्सला सहा वर्षांचे ८ कोटी ४० लाख दिले, कॅन्सस सिटीने टायरन मॅथ्यूला तीन वर्षांचे ४ कोटी २० लाख. थॉमसला बाल्टिमोरने चार वर्षांचे साडेपाच कोटी देऊ केले, त्यातले ३ कोटी २० लाख हमीचे. डॅलस त्या आकड्याच्या जवळपासही फिरकला नाही. जॉर्ज इलोकाला एका वर्षाच्या स्वस्त करारावर आणलं आणि हंगामाआधीच काढून टाकलं.

चाहत्यांचा संताप समजण्यासारखा होता. पण त्याच काळात डॅलसच्याच डिमार्कस लॉरेन्सचा साडेदहा कोटींचा करार झाला, इझिकिएल एलियटचा नऊ कोटींचा झाला, आणि प्रेस्कॉटच्या कराराचा डोंगर समोर उभाच होता. काउबॉइजच्या व्यवस्थापनाने वर्षानुवर्षं सेफ्टी या जागेला पैशांच्या रांगेत शेवटी उभं केलं. हे धोरण मला पटत नाही, तरी ते धोरण होतं, विसरभोळेपणा नव्हता. थॉमससाठी देऊ केलेली, पण हाती राहिलेली दुसऱ्या फेरीची निवड २०१९ मध्ये त्यांनी बचावाच्या पहिल्या फळीतल्या ट्रिस्टन हिलवर खर्च केली. तो कधी स्थिरावलाच नाही. त्या वर्षी पूर्ण हंगामात संघाच्या वाट्याला अवघी सात इंटरसेप्शन आली. २०१८ ची संधी दवडल्याचं दुःख चाहत्यांनी २०२० पर्यंत उराशी बाळगलं आणि माझ्या मते ते रास्त होतं.

इथून पुढे मात्र प्रकरण वेगळ्या वळणावर जातं.

बाल्टिमोरचा बचाव-समन्वयक डॉन मार्टिन्डेल याची शैली सिअ‍ॅटलच्या अगदी उलट. सतत ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडायची, आणि स्नॅप होईपर्यंत, म्हणजे चेंडू खेळात येईपर्यंत, कोण कुठे जाणार याचा समोरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. यात सेफ्टींच्या जागा क्षणोक्षणी बदलतात. आपल्या अंदाजावर सुटायची सवय असलेला माणूस इथे जोडीदाराला तोंडघशी पाडतो. थॉमसचं मोठेपण या सुटण्यातच होतं. सिअ‍ॅटलमध्ये त्याभोवतीची माणसं त्याला आठ वर्षं ओळखत होती.

२९ सप्टेंबर २०१९ ला क्लीव्हलँड ब्राउन्सचा निक चब ८८ यार्ड धावत सुटला. चित्रफितीत थॉमस त्याच्या मागे लागलेला दिसतो आणि मग वेग सोडून देतो. स्नायू दुखावून घ्यायचा नव्हता, असं त्याचं स्पष्टीकरण होतं. रेव्हन्स ४०-२५ हरले. सामन्यानंतर लॉकर रूममध्ये त्याची आणि बचावफळीतल्या ब्रँडन विल्यम्सची खडाजंगी झाल्याचं छापून आलं. संघ त्यानंतर साखळी हंगामात हरलाच नाही, १४ विजय आणि २ पराभव असा हंगाम गेला आणि थॉमस प्रो बोलमध्येही निवडला गेला. मग जानेवारी २०२० मध्ये बाद फेरीत टेनेसी टायटन्स समोर आले. आधीच्या फेरीत टायटन्सकडून हरलेल्या न्यू इंग्लंडच्या खेळाडूंना टायटन्सच्या डेरिक हेन्रीला अडवण्यात रस दिसला नाही, असं थॉमस सामन्याआधी म्हणाला होता. हेन्री १९५ यार्ड धावला. एका धावेत त्याने हात लांबवून थॉमसच्या छातीवर असा रेटा दिला की थॉमस गर्रकन फिरून त्याच्याच पुढे धावू लागला. बाल्टिमोर १२-२८ असं बाहेर पडलं.

ऑगस्ट २०२० च्या सराव शिबिरात थॉमसची जबाबदारी चुकली आणि आपल्याच संघाच्या आक्रमणातल्या मार्क अँड्र्यूजला मोकळं रान मिळालं. जोडीदार सेफ्टी चक क्लार्कने जाब विचारला आणि गुद्दागुद्दी झाली. थॉमसने समाजमाध्यमावर सरावाची चित्रफीत टाकली आणि मानसिक चूक आपलीच होती असं लिहिलं. दोन दिवसांत संघाने त्याला काढलं. त्या वर्षाचा एक कोटी डॉलरचा पगार हमीचा होता. तरी इतका चांगला संघ हंगामाच्या तोंडावर एवढ्या गुणी माणसाला नको म्हणतो, यातच पुष्कळ काही आलं.

आता डॅलसमधला दुसरा वाद. ‘घ्या’ म्हणणाऱ्यांचे मुद्दे असे होते. बायरन जोन्स मायामीला गेलाय, मागची फळी विरळ आहे. हाहा क्लिंटन-डिक्स नव्या प्रशिक्षकाच्या, माइक मॅकार्थींच्या, ग्रीन बेमधल्या ओळखीचा म्हणून आणला, पण सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यालाही काढलं. थॉमस आता साडेपाच कोटींचा राहिलेला नाही, एका वर्षाच्या किमान पगारावरही येईल. टेक्ससचा पोरगा आहे, घरी आला की शांत होईल. आणि वागणुकीचंच म्हणाल तर काउबॉइजचे मालक जेरी जोन्सनी टेरेल ओवेन्सला घेतलं, ॲडम ‘पॅकमॅन’ जोन्सला घेतलं, ग्रेग हार्डीला घेतलं. मग यालाच सोवळं कशाला?

शेवटचा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो ‘घेऊ नका’ या बाजूलाच जातो. हार्डीने डॅलसमध्ये बाकाजवळच प्रशिक्षकाशी वाद घातला होता आणि एका हंगामात तो गेला. पॅकमॅनही एकाच हंगामात संपला. फक्त ओवेन्सने मैदानावर मोल चुकतं केलं.

‘घेऊ नका’ म्हणणाऱ्यांचा भर थॉमसच्या स्वभावावर होता, आणि ते भांडण लवकरच नैतिकतेच्या चिखलात रुतलं. माझ्या मते त्यांचा खरा मुद्दा वेगळा होता आणि तो फार थोड्यांनी नेटाने मांडला. क्रिस रिचर्ड डॅलसमधून गेला होता. बचावाची सूत्रं माइक नोलनकडे होती आणि त्याच्या पद्धतीतही डाव लपवणं आणि क्षणात जागा पालटणं भरपूर होतं. करोनामुळे वसंतातली सगळी शिबिरं ऑनलाइन झाली, सरावाचा एकही सामना झाला नाही. आधीचेच खेळाडू नवीन भाषा शिकताना अडखळत होते. अशा ठिकाणी सप्टेंबरमध्ये येणाऱ्या सेफ्टीकडून अपेक्षा एकच: सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या क्षणी हजर राहायचं. बाल्टिमोरमध्ये नेमकं हेच जमलं नव्हतं. २०१८ चा थॉमस एका तयार चौकटीत बसणार होता. २०२० च्या थॉमससाठी डॅलसमध्ये चौकटच नव्हती.

एक नियमही इथे समजून घ्यायला हवा. पहिल्या सामन्याला अनुभवी खेळाडू संघाच्या यादीत असेल, तर पुढे त्याला काढलं तरी त्या हंगामाचा मूळ पगार तो मागू शकतो. म्हणून वादग्रस्त अनुभवी माणसाला घ्यायचंच असेल तर संघ पहिला आठवडा उलटू देतात. सप्टेंबरच्या मध्यावर ‘आता घेतील’ अशी कुजबुज वाढली ती यामुळे. शेवटी बोलावणं ह्यूस्टनहून आलं. तपासणीसाठी बोलावल्याच्या बातम्या आल्या, मग करार होणार नसल्याच्या. तिथल्या जुन्या खेळाडूंनी विरोध केला असं छापून आलं. टेक्ससमधले दोन्ही संघ आपल्याच राज्यातल्या ऑरेंज गावच्या या माणसाला ओळखत होते, दोघांनीही नाही म्हटलं.

दरम्यान डॅलसचा बचाव अक्षरशः कोसळत होता. पहिल्या चार सामन्यांत १४६ गुण दिले. सिअ‍ॅटलविरुद्ध रसेल विल्सनने पाच टचडाऊन पास टाकले, त्यातले तीन टायलर लॉकेटला, आणि लॉकेट दरवेळी मोकळा. पुढच्या रविवारी क्लीव्हलँडने ४९ गुण केले, त्यात ३०७ यार्ड नुसते धावून. हंगाम ६-१० असा संपला आणि दिलेले ४७३ गुण हा संघाच्या इतिहासातला सर्वांत वाईट आकडा ठरला. ‘बघा, थॉमसला घेतलं असतं तर’ ही हळहळ वर्षभर ऐकू येत राहिली.

मला ती पटत नाही. त्या सामन्यांत वारंवार दिसायचं ते असं की बॉल स्नॅप झाल्यावरही दोन-तीन बचावपटू एकमेकांकडे हात करून तू कुठे, मी कुठे विचारताहेत. तिथे आणखी एक स्वतःच्या अंदाजाने सुटणारा माणूस घालून गोंधळ वाढला असता. आणि ३०७ यार्ड धावू देणाऱ्या फळीचं दुखणं तीस यार्ड मागे उभ्या असलेल्या सेफ्टीच्या हाताबाहेरचं असतं.

याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. जानेवारी २०२१ मध्ये डॅन क्विन बचाव-समन्वयक झाला, हाच क्विन सुपर बोल जिंकणाऱ्या सिअ‍ॅटलचा समन्वयक होता. त्याने आधी काम ठरवलं, मग माणसं शोधली. अटलांटात आपल्या हाताखाली खेळलेल्या डॅमोन्टे कझीला आणलं, दुखापतीतून सावरणाऱ्या मलिक हूकरला आणलं. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये थेट सातव्या फेरीत निवडलेल्या जेरॉन कर्सला एका वर्षाच्या स्वस्त करारावर घेतलं. कर्स उंच, धिप्पाड, टाइट एंडला (पास झेलणाऱ्या दांडग्या खेळाडूला) अंगावर घेणारा; त्याला नेमकं तेवढंच काम दिलं. त्या हंगामात संघात सर्वाधिक टॅकल (चेंडू नेणाऱ्याला खाली पाडणं) त्याच्या नावावर होते. डॅलसने २६ इंटरसेप्शन केली, लीगमध्ये सर्वांत जास्त. त्यातली ११ ट्रेव्हन डिग्जची, आणि डिग्जही दुसऱ्या फेरीतलाच, २०२० चा. हंगाम १२-५ झाला.

डॅलसलगतच्या प्लेनो, फ्रिस्को, अर्व्हिंग या भागांत आता मराठी घरं भरपूर आहेत, त्यातल्या कित्येकांची मुलं शाळेपासून काउबॉइजची जर्सी घालून वाढली आहेत. तिथे अजूनही थॉमसचं नाव निघालं की २०१८ आणि २०२० एका दमात सांगितले जातात, जणू एकच गोष्ट. अशा चर्चेत मी आधी दोन गोष्टी विचारीन: कुठल्या वर्षाचा थॉमस, आणि त्याला नेमकं कुठे उभं करणार होता?

थॉमस २०१९ च्या हंगामानंतर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. २०२२ च्या वसंतात त्याने परतायची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा तो ३३ च्या उंबरठ्यावर होता. कुठल्याच संघाने करार केला नाही. त्याची ३० इंटरसेप्शन पक्की आहेत, त्यातली २८ सिअ‍ॅटलची.